साठवण बदलली की सूर बदलतो का?

पावसाळ्यात चिखलदऱ्याला धुके घरात शिरते. चामड्याच्या चपला, पुस्तके आणि ध्वनिफिती या तिन्हींवर बुरशी धरते. तिथे आमचे एक शिक्षकमित्र राहतात. त्यांच्याकडे शास्त्रीय संगीताच्या साडेतीनशे सीडी आहेत. शिवाय एका पत्र्याच्या पेटीत चाळीस कॅसेट आहेत. मेळघाटातल्या गावांत हिंडून पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः मुद्रित केलेली कोरकू गाणी त्यांत आहेत. हे सगळे एका नेटवर्क ड्राइव्हमध्ये भरावे आणि तिथून घरातल्या हायफाय संचावर ऐकावे, असे त्यांनी ठरवले. दुकानदाराने दोन ड्राइव्ह दाखवले. एक साधा आणि दुसरा 'खास संगीतासाठी', तिप्पट किमतीचा. दुसऱ्यावर आवाज मोकळा येतो म्हणे. गुरुजींनी आम्हाला फोन करून विचारले, "कोणता घेऊ?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जवळजवळ शंभर वर्षे त्याचे उत्तर 'साठवण बदलली की सूर बदलतो' असेच होते, आणि ते बरोबर होते.

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गोहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून परत आल्या. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या. वऱ्हाडात फाल्गुनात पेटल्यासारखा दिसणारा पळस आपण सारे ओळखतो. अशा पळसावर, बोरीवर, कुसुमावर वाढणाऱ्या किड्याची ही राळ. नुसती लाख पोलादी सुईपुढे टिकत नाही, म्हणून तीत दगडाची बारीक भुकटी घालत. खोबणीतून सुई फिरताना भुकटीचे कणही तिला हलवत. जुन्या तबकडीवर गाण्यामागे ऐकू येणारी खरखर म्हणजे हेच कण. सुईला गाणे कोणते आणि दगड कोणता हे कळत नाही. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'सारख्या संग्राहकांच्या मेळाव्यात बसले की याचा प्रत्यय येतो. एकाच गाण्याच्या दोन प्रती सारख्या वाजत नाहीत, म्हणून चांगल्या प्रतीसाठी माणसे वर्षानुवर्षे जुना बाजार पालथा घालतात.

चुंबकीय फितीचेही तसेच. डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पौल्सन यांनी १८९८ मध्ये पोलादी तारेवर आवाज साठवला. १९३५ मध्ये जर्मनीत प्लॅस्टिकच्या फितीवरचे यंत्र लोकांपुढे आले आणि १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट. तिची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. फितीवरचे चुंबकीय कण नेहमीच थोडे अस्ताव्यस्त असतात आणि ती अस्ताव्यस्तता 'हिस्स' अशी ऐकू येते. इथेही आवाज आणि तो साठवणारी वस्तू यांची ताटातूट करता येत नव्हती. चांगली फीत घेतली की चांगला आवाज, हा नियम आपल्या कानांनी आणि खिशांनी असा शिकून घेतलेला आहे.

१९८२ साली सीडी आली आणि ही गाठ सुटली. आता साठवायचा होता तो आवाज नव्हे, तर आकडे. सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले माप. त्याच्याबरोबर जादा तपासणीचे आकडे लिहिलेले असतात. त्यांचे गणित अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्येच मांडले होते. या जादा आकड्यांवरून हरवलेले आकडे पुन्हा काढता येतात, अगदी बिनचूक. सीडीवर सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा आला तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात.

आयबीएमने १९५६ मध्ये बनवलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत ५० लाख अक्षरे राहत. सीडीच्या दर्जाचे संगीत तीत जेमतेम वीस सेकंद मावले असते. आजच्या ड्राइव्हमध्येही तपासणीच्या आकड्यांचे तत्त्व आहेच. शिवाय जाळ्यावरून फाइल पाठवताना प्रत्येक तुकडा तपासला जातो आणि बिघडला तर पुन्हा मागवला जातो. संगीतवादक यंत्र हे तुकडे आधी आपल्या स्मृतीत जमा करते आणि स्वतःच्या घड्याळाच्या ठेक्यावर वाचते. ड्राइव्हने आकडा थोडा आधी दिला की नंतर, याचा त्या ठेक्याशी संबंध उरत नाही. साठवणीत खरेच चूक झाली तर 'टक्' असा आवाज येतो, गाणे तुटते किंवा फाइल उघडतच नाही. तानपुरा जरा कमी गोड लागला, असे होत नाही.

हे आम्ही गुरुजींच्या समोरच करून दाखवले. फ्लॅक या पद्धतीच्या फाइलमध्ये मूळ आकड्यांची ३२ चिन्हांची एक खूण असते. एकच राग तीन वेगवेगळ्या ड्राइव्हवर ठेवून आम्ही ती खूण नव्याने काढली. तिन्ही वेळा ३२ च्या ३२ चिन्हे तीच. "मग दुकानदार खोटे बोलला?" गुरुजींनी विचारले. तसे म्हणवत नाही. त्याचाही कान कॅसेटवरच तयार झालेला असणार.

ड्राइव्हचा आवाज एका अर्थी ऐकू येतोच: पंख्याची घरघर. म्हणून तो बैठकीच्या खोलीत नको. गुरुजींना उंचीचीही शंका होती. तिला आधार आहे, कारण तबकडीवर फिरणारे डोके हवेच्या पातळ थरावर तरंगते आणि विरळ हवेत ते खाली येऊ शकते. पण उत्पादकांची मर्यादा बहुधा तीन हजार मीटरची असते. चिखलदरा सुमारे अकराशे मीटरवर आहे. खरी भीती लिहिता लिहिता जाणाऱ्या विजेची आणि ओलाव्याची. पेटीत दोन ड्राइव्ह जोडून दुहेरी लिहिले तरी ती वेगळी प्रत नव्हे. चुकून पुसलेले गाणे दोन्हींवरून एकदमच जाते.

वाचलेले पैसे कुठे घालावेत, याबद्दल मात्र आम्ही आग्रह धरला. चाळीस कॅसेटच्या बाबतीत जुना नियम अजून लागू आहे. डोक्याची फट फितीला काटकोनात नसली तर वरचे स्वर मंद होतात, आणि तसेच आकडे एकदा साठवले की कोणताही ड्राइव्ह ते उजळू शकत नाही. सीडी पुन्हा मिळतील. ही गाणी दुसऱ्या कोणाकडे नाहीत. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले आणि त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आज उपलब्ध नाही, हे गुरुजींना वेगळे सांगावे लागले नाही.

त्यांनी साधा ड्राइव्ह घेतला, एक लहान यूपीएस घेतला आणि एक चांगला जुना कॅसेट डेक दुरुस्त करून घेतला. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात, तिथे घाई चालत नाही. प्रत्येक कॅसेटची एक प्रत परतवाड्याला त्यांच्या भावाकडे जाते. दिवाळीपर्यंत सव्वीस झाल्या होत्या. दोनांची फीत चिकटली आहे, त्या अजून तशाच ठेवल्या आहेत.