एक्सझेड : उरलेले तास

२४ फेब्रुवारी २०२४. बाकी १४६४ तास.
ही मोजणी २५ एप्रिलपर्यंतची आहे. त्या दिवशी उबुंटू २४.०४ यायची होती, पुढची अनेक वर्षं सर्व्हरवर ठाण मांडणारी आवृत्ती. आज ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या मेंटेनरने एक्सझेड ५.६.० बाहेर काढलं. फायली दाबून लहान करणारं हे साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. या इसमाने (की टोळीने?) दोनेक वर्षं निमूटपणे काम करून मूळ मेंटेनर लासे कॉलिनचा विश्वास कमावला होता. ५.६.० मध्ये एसएसएचकडे (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या साधनाकडे) नेणारी चोरवाट होती, दडवलेली चाचणीसाठी ठेवलेल्या ‘बिघडलेल्या’ फायलींत. ती उलगडणारी ओळ गिटमध्ये नव्हतीच, फक्त टारबॉलमध्ये होती.

काही दिवसांतच डेबियन सिड आणि फेडोरा रॉहाइड या सतत बदलणाऱ्या अस्थिर शाखांवर ५.६.० पोहोचलं. ७ मार्चला ओपनसुसे टंबलवीडमध्ये शिरलं. एसएसएचला खरं तर एक्सझेड लागत नाही. पण डेबियन-फेडोरा तेव्हा त्याला सिस्टमडीची लायब्ररी जोडत आणि तिच्या शेपटाला एक्सझेडची लिबएलझेडएमए यायची.

९ मार्च. बाकी ११२८ तास.
मेमरीतल्या चुका हुडकणारं व्हालग्रिंड ५.६.० वर कुरकुरत होतं. जिया टॅनने खापर कंपायलरवर फोडलं आणि ५.६.१ आणलं.

२५ मार्च. बाकी ७४४ तास.
आणखी एका अनोळखी नावाने डेबियनकडे तगादा लावला, ५.६.१ लवकर घ्या म्हणून. घेतलंही.

२८ मार्च. बाकी ६७२ तास.
जिया टॅनने स्वतः उबुंटूकडे अर्ज केला, हे पॅकेज २४.०४ मध्ये ओढून घ्या.

तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत पोस्टग्रेस्क्यूएलचा आंद्रेस फ्रॉइंड डेटाबेसच्या वेगातले बारीक फरक मोजत होता. मोजमापासाठी त्याला मशीन शांत हवं होतं, पण एसएसएच विनाकारण सीपीयू खात होतं. चुकीच्या नावाने लॉगिन केलं, तरी नकार यायला ०.३ ऐवजी ०.८ सेकंद लागत होते. वेळ कुठे जातो ते दाखवणारं परफ लावून पाहिलं तर वेळ लिबएलझेडएमएमध्ये जात होता, तोही ज्याला नाव नाही अशा कोडमध्ये. व्हालग्रिंडची ती जुनी तक्रार त्याला आठवली. पाणी मुरत होतं ते इथे. आधी त्याला वाटलं, डेबियनचं पॅकेज नासलंय. नासला होता उगमच.

त्याच्या मशीनवर सिड होतं म्हणून हे सापडलं, असं सिडचे चाहते सांगतात. खरं आहे. पण ते चाचणीचं मशीन होतं. प्रॉडक्शनवर सिड ठेवून पोर्ट २२ जगाला उघडं ठेवणाऱ्याच्या दाराची किल्ली दरम्यान एका परक्याकडे होती. सिड रोज कोसळतं म्हणून मी त्याला नको म्हणत नाही. ते महिनोन् महिने सुरळीत चालतं, आणि माणूस गाफील राहतो तो त्यामुळेच. शिवाय डेबियनची सुरक्षा-पत्रकं स्टेबलसाठी निघतात, सिडसाठी नाही. आता स्टेबलचंही फार कौतुक नको. डेबियन १२ मध्ये एक्सझेड ५.४.१ होतं. कोणी तपासून चोरवाट अडवली नव्हती. ती मागे राहिली होती, एवढंच.

२९ मार्च, गुड फ्रायडे. बाकी ६४८ तास.
कॅलिफोर्नियात सकाळचे ८.५१, आपल्याकडे रात्रीचे ९.२१. फ्रॉइंडने सगळं जाहीर केलं. इकडे रंगपंचमीची आदली रात्र, तिकडे ईस्टरची सुट्टी. रेड हॅटने धोक्याला दहापैकी दहा गुण दिले आणि रॉहाइड तात्काळ बंद करा म्हणून सांगितलं. गिटहबने एक्सझेडचं भांडार गोठवलं. डेबियनने, खासगीत आधीच कळल्यामुळे, जुनं एक्सझेड आदल्या दिवशीच परत आणलं होतं, पण आवृत्तीचा आकडा मागे नेता येत नाही, म्हणून नाव ठेवलं ‘५.६.१+रिअली५.४.५’.

उबुंटूने आपली पॅकेजेस पुन्हा नव्याने बांधली. बीटा ४ एप्रिलऐवजी ११ एप्रिलला आली. २५ एप्रिलला २४.०४ ठरल्या दिवशी निघाली, आत तेच ‘रिअली५.४.५’ घेऊन.