नागपूरचे ठराव, २० जुलै १९४२

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या ठरावावर पी. जे. रोहम बोलायला उभे राहिले. भाषण त्यांच्या नावावर नोंदले आहे. मसुदा मात्र त्या दिवशी गैरहजर असलेल्या डॉ. आंबेडकरांचा. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या, तर एका मुलानंतर तो दुसऱ्याला तयारच झाला नसता, हा त्यातला सर्वांत धारदार मुद्दा. ठराव फेटाळला गेला.

त्याआधीचा कागद जुलै १९२८चा. मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला आंबेडकरांनी पाठिंबा दिला. पुढच्याच वर्षी कायदा झाला. दोन्ही कागद अस्सल, पण दोन्हींत बोलणारे पुरुष. कष्टकरी दलित बाईला स्वतःला काय हवे होते?

त्याचे उत्तर २० जुलै १९४२ला नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेत सापडते. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे. उपस्थिती वीस-पंचवीस हजार सांगितली जाते. तो अंदाज आहे, मोजणी नव्हे. ठरावांचे मात्र तसे नाही. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरण्यांत बायकांवर देखरेखीला बायकाच, वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, कामावर इजा झाल्यास भरपाई, वीस वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा १५ रुपये पेन्शन. इतके नेमके आकडे गिरणीच्या हजेरीपटावर नाव असलेल्या बायकांनीच सुचवले असावेत. हे माझे अनुमान; पण मला ते फार बळकट वाटते. त्याच परिषदेत आंबेडकरांनी लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, असे बायकांना सांगितले. भाषण आणि ठराव शेजारी ठेवून वाचले, की मूल किती आणि कधी हा प्रश्न नवरा, मजुरी आणि रजा यांच्यापासून वेगळा काढताच येत नाही.

जून १९९४मध्ये शिकागोत बारा कृष्णवर्णीय स्त्रियांनी हाच विचार ‘प्रजनन न्याय’ या नावाने मांडला: मूल न होऊ देण्याचा, होऊ देण्याचा आणि ते सुरक्षित परिस्थितीत वाढवण्याचा हक्क. त्यांच्यापर्यंत नागपूरचे ठराव पोचले होते, असे म्हणायला आधार नाही. साम्य आहे ते मागणीच्या घडणीत, आणि मागणारीच्या जगण्यात.

दलित चळवळीतल्या या बायकांना शोधत, त्यांच्या मुलाखती घेत उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९मध्ये सिद्ध केले. ते काम संपलेले नाही. तुमच्या घरच्या ट्रंकेत आजीचा परिषदेतला फोटो, सभेचे पत्रक किंवा गिरणीचे हजेरीकार्ड असेल, तर ते रद्दीत देऊ नका. मागे तारीख आणि नाव लिहून ठेवा.