हातात अठ्ठ्यांची जोडी आणि टेबलावर राजा: लिमिट पोकरमध्ये पुढे काय करायचं?

तीन पत्तीत अठ्ठ्यांची जोडी आली की माणूस खुशीत चाल करतो. टेक्सास होल्डेम पोकरमध्ये ही खुशी बहुतेक वेळा पहिले तीन पत्ते उघडेपर्यंतच टिकते.

आधी खेळ थोडक्यात. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पत्ते उघडतात: आधी एकदम तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी आणखी एक (रिव्हर). 'लिमिट' प्रकारात बेटची रक्कम ठरलेली असते. १०-२० डॉलरच्या टेबलावर फ्लॉपपर्यंत बेट १० ची, पुढे २० ची. 'ऑल इन' म्हणून समोरच्याला घाबरवायची सोय नाही. अमेरिकेतल्या कार्डरूममध्ये हा प्रकार अनेक वर्षं जोरात होता. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकरने वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर जिंकली आणि नो-लिमिटची लाट आली. (भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली. ऑनलाइन पोकरही त्यातच आलं.)

सत्तीपासून दश्शीपर्यंतच्या जोड्या 'मधल्या' मानल्या जातात. त्यांचं दुखणं आकड्यांत दिसतं. फ्लॉपवर तिसरी अठ्ठी मिळण्याची शक्यता साधारण १२ टक्के. अठ्ठीपेक्षा मोठा निदान एक पत्ता येण्याची शक्यता मात्र ८७ टक्के!

समोर किती जण?

समजा फ्लॉपवर राजा, छक्की, तिर्री आली. तुमच्या अठ्ठ्या मागे पडल्या का? समोर एकच खेळाडू असेल आणि त्याचे पत्ते कोणतेही असू शकतात असं धरलं, तर त्याच्याकडे राजा असण्याची शक्यता १२.५ टक्के आहे. समोर चौघे असतील, तर कुणाकडे तरी राजा असण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात लोक फालतू पत्ते टाकतात आणि राजा ठेवतात, त्यामुळे दोन्ही आकडे थोडे वरच धरायचे. एक्का आला तर आणखी वर, कारण एक्का सहसा कुणी सोडत नाही.

एकट्या प्रतिस्पर्ध्यासमोर म्हणूनच घाबरून पत्ते टाकणं महागात पडतं. तुम्ही आधी रेज करून २० केले, फक्त बिग ब्लाइंडने साथ दिली, स्मॉल ब्लाइंडचे ५ तसेच राहिले: पॉट ४५. त्याने चेक केलं, तुम्ही १० लावले आणि त्याने उलट २० केले. आता पॉटमध्ये ७५ आहेत. तो प्रत्येक वेळी बेट लावत राहिला तर शेवटपर्यंत जायला तुम्हाला आणखी ५० लागतील आणि जिंकलात तर ११५ मिळतील. दहातून तीनपेक्षा किंचित जास्त वेळा अठ्ठ्या पुढे असल्या, तरी हिशेब बरोबरीत सुटतो. समोरचा नेहमी गप्प बसणारा आणि आज अचानक रेज करणारा असेल, तर गोष्ट वेगळी.

चौघांसमोर चित्र पालटतं. पाच जणांचे वीस-वीस, पॉट १००. एकाने १० लावले. तुम्ही फक्त तिसऱ्या अठ्ठीच्या आशेने कॉल करणार असाल, तर १० घालून ११० मिळणार, म्हणजे बारातून एकदा जमलं तरी चाललं असतं. पण न दिसलेल्या ४७ पत्त्यांत अठ्ठ्या दोनच. टर्नवर त्यातली एक साडेतेवीसातून एकदा येते. ती आलीच तर पुढे काही बेट जास्त मिळतील, पण एवढी दरी सहसा भरत नाही. मध्येच कुणी रेज केलं असेल, तर विचारसुद्धा नको.

फ्लॉप छोटा आला तर

सत्ती, पंजी, दुर्री. आता अठ्ठ्या टेबलावरच्या सगळ्यांपेक्षा मोठ्या, आणि इथे 'बघू' म्हणून चेक करणं ही नवख्यांची लाडकी चूक. समोर राजा-राणी असेल तर उरलेल्या दोन पत्त्यांत त्यातला एखादा येण्याची शक्यता जवळपास २५ टक्के. तो पत्ता फुकट का दाखवायचा? लिमिटमध्ये मोठी बेट लावून त्याला हाकलता येत नाही. हत्यार एकच: तुमच्या आधीच्याने बेट लावली असेल तर रेज करायचं, म्हणजे मागच्यांना १० ऐवजी २० मोजावे लागतात.

रिव्हरवरचा हिशेब वेगळाच. समोरच्याच्या शेवटच्या बेटसकट पॉट १४० झालाय आणि तुम्हाला २० द्यायचे आहेत. चुकीचा कॉल केला तर २० गेले, जिंकणारी जोडी टाकली तर १४० गेले. आठातून एकदा जिंकलं तरी कॉल फुकट जात नाही.

दोघांमधला लिमिट होल्डेम अल्बर्टा विद्यापीठाच्या 'सेफियस' या प्रोग्रामने जवळजवळ पूर्ण सोडवला. जानेवारी २०१५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्याची माहिती आली. पण तो फक्त दोघांचा खेळ होता. चौघे समोर बसले की असं तयार उत्तर कुणाकडेच नाही.