बिनहवेचे चाक

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी बसवतात तिला मराठीत धाव म्हणतात. पळण्यालाही धावच म्हणतात. कविता लिहिणाऱ्याला असा शब्द सापडला की तो दिवसभर चघळत बसतो. पण श्रोतेहो, आज बोलायचे आहे ते चाकाबद्दल, तेव्हा शब्द जरा बाजूला ठेवू.

मध्यभागी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर लाकडी पुठे आणि या सगळ्यांना आवळून धरणारी धाव. ही धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायची, शेणींच्या आगीत तापवून लाल करायची, फुगली की चाकावर चढवायची आणि वरून भराभर पाणी ओतायचे. आकसताना ती सगळे सांधे घट्ट करून टाकते. आमच्या उरणात भाताचे भारे आणि मिठागरांतल्या मिठाच्या गोणी अशाच चाकांवरून हलल्या. चाक पंक्चर व्हायचा प्रश्नच नव्हता. पण गाडीत बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत आणि पावसाळ्यानंतर रस्त्याला दोन खोल चाकोऱ्या पडत. लोखंड दगडाशी तडजोड करत नाही.

ही तडजोड पहिल्यांदा सुचली ती रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाला. १८४५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. आत रबर लावलेल्या कापडाची नळी, बाहेर चामड्याचे कवच. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात घोडागाड्यांना ही चाके लावून त्याने ती चालवून दाखवली. गाडी आवाज न करता चालली, घोड्याला ओढ कमी लागली. पण रबर महाग होते, आणि सायकल की मोटार यांपैकी कोणीच अजून जन्माला आले नव्हते. कल्पना मागे पडली. गंमत पुढेच आहे. याच थॉमसनने १८६७ मध्ये रस्त्यावरून चालणारे वाफेचे इंजिन बनवले तेव्हा त्याच्या चाकांना हवेचे नव्हे, भरीव जाड रबर लावले! हवेच्या टायरचा जनकच बिनहवेच्या टायरचा पहिला मोठा पुरस्कर्ता ठरला. त्याची अशी काही इंजिने नंतर हिंदुस्थानातही आली, पार पंजाबात.

पुढे १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला. थॉमसनचे नाव सगळे विसरले होते. दोन वर्षांनी त्याच थॉमसनच्या जुन्या कागदांमुळे डनलॉपचे पेटंट रद्द ठरले, पण धंदा मात्र डनलॉपच्या नावाने चालला. १८९५ मध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत अशा मोटारशर्यतीत मिशलिन बंधू हवेच्या टायरांची गाडी घेऊन उतरले. वाटेत पंक्चरेच इतकी झाली की जिंकण्याचा सवाल नव्हता. तरी गाडी धावू शकते एवढे लोकांना कळले. आपल्याकडे मुंबईच्या व्हिक्टोरियांनी मात्र भरीव रबराची साथ सोडली नाही. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बंद करायला सांगितल्या, ते घोड्यांच्या हालांमुळे. चाकांची काही तक्रार नव्हती.

मग भरीव रबर मोटारीला का चालत नाही? कारण गाडीचे ओझे रबर पेलत नाही, हवा पेलते. मोटारीच्या टायरात तीस-पस्तीस पौंड हवा असते, ट्रेलरच्या टायरात शंभराच्या वर. रबर दबून पुन्हा उसळते तेव्हा थोडी शक्ती उष्णतेत जाते. भरीव रबराचा जाड थर वेगात धावू लागला की ही उष्णता आत कोंडते आणि टायर आतून खराब होऊ लागतो. हळू चालणाऱ्या अवजड यंत्राला ते चालते. म्हणून उरण-न्हावाशेवा भागात कंटेनरांच्या गोदामांतून फिरणाऱ्या फोर्कलिफ्टना भरीव टायर असतात. तिथे जमिनीवर पत्र्याचे तुकडे, खिळे, तुटलेली सिले पडलेली असतात. हवेचा टायर तिथे किती टिकणार?

हे बंदर आमच्या जमिनींवर उभे आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारांत पाच जण हुतात्मे झाले. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. भाताची खाचरे गेली, आणि ज्यांच्या दारात बैलगाडी होती त्यांची मुले ट्रेलरचे चालक, क्लीनर, गॅरेजवाले झाली. रस्त्याच्या कडेला पंक्चरची दुकाने उगवली. त्यांतली बरीच केरळहून आलेल्या माणसांची आहेत. आपल्या देशातले बहुतेक रबरही केरळचेच, तेव्हा मालाच्या पाठोपाठ माणूस आला म्हणायचे.

हवेला पर्याय शोधणे थांबलेले नाही. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे जर्मनीत रबर मिळेना, तेव्हा सायकलींना पोलादी स्प्रिंगांची चाके लावली गेली. १९७१ मध्ये अपोलो १५ ची गाडी चंद्रावर फिरली ती पोलादी तारांच्या विणलेल्या चाकांवर. आपल्या चांद्रयान-३ चा प्रज्ञान २०२३ च्या ऑगस्टमध्ये धातूच्याच सहा चाकांवर चालला. म्हणजे तिथे पुन्हा धावच! पृथ्वीवर मिशलिनने २००५ मध्ये ट्वील नावाचे चाक दाखवले. त्यात हवेच्या जागी लवचीक आरे असतात. वेग वाढला की ते थरथरते, आवाज करते; म्हणून ते आधी बांधकामाच्या यंत्रांना लागले. २०१९ मध्ये त्याच कंपनीने मोटारींसाठी अप्टिस जाहीर केले, २०२४ पर्यंत बाजारात आणू म्हणाले. सिंगापुरात कुरिअरच्या गाड्यांवर ते चालवूनही पाहिले. साल उलटले, तुमच्या-माझ्या गाडीसाठी दुकानात ते अजून मिळत नाही.

पण कधीतरी मिळेल. आणि मिळावे असेही वाटते. भरल्या ट्रेलरचा पुढचा टायर चालत्या गाडीत फुटला की काय होते ते या रस्त्यावरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

आमच्या नाक्यावर एक पंक्चरवाला आहे, सगळे त्याला चेट्टा म्हणतात. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून तो बुडबुडा कुठून येतो ते बघत होता. मी त्याला बिनहवेच्या टायरची हकिगत सांगितली. त्याने मान वर न करता विचारले, "चाचा, वो रिम पे कैसे चढेगा?" मी म्हटलं, फोर्कलिफ्टचा भरीव टायर चढतो तसाच बहुधा, प्रेसवर दाबून. तो हसला. "प्रेस तो बड़े सेठ के पास है. अपने पास तो टॉमी है." मग ट्यूबवर खडूने खूण केली, घासकागद उचलला आणि रबर घासू लागला. मागे दोन ट्रेलर उभे होते.