चोक ओढण्याआधी : थंडीतला जुना ट्रक आणि त्याचा इतिहास

आज इतिहासच सांगायचा आहे, पण तो थंडीत न उचलणाऱ्या ट्रकचा.

जुलै महिना. आपल्या गावाकडे पेरण्या उरकलेल्या असतात आणि इथे न्यूझीलंडमध्ये गवतावर पांढरं दव गोठलेलं असतं. सेंट्रल ओटॅगोमधल्या ओफिर गावात जुलै १९९५ मध्ये पारा उणे २१.६ अंशांपर्यंत उतरला होता. अशा भागांतल्या शेतांवर आजही एखादा जुना बेडफर्ड ट्रक उभा दिसतो. सकाळी त्यात चाऱ्याचे गठ्ठे भरून मेंढ्यांपर्यंत न्यायचे असतात. ट्रक उचलला नाही तर जनावरं उपाशी राहतात. तुमच्यापैकी कोणी साऊथ आयलंडला स्थायिक झाला असाल, किंवा हौसेनं जुनी गाडी घेतली असेल, तर हा प्रसंग तुमच्यावरही येणार आहे.

बेडफर्ड हे नाव १९३१ मध्ये इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीनं बाजारात आणलं. व्हॉक्सहॉल तेव्हा जनरल मोटर्सच्या मालकीची होती आणि जनरल मोटर्सचा कारखाना १९२६ पासून वेलिंग्टनजवळ पेटोनला होता. तिथे बेडफर्ड ट्रकांची जुळणी होऊ लागली. १९५८ मध्ये टीजे मालिका आली. दूध, लोकर, लाकूड, अग्निशमन दल, सगळीकडे हे ट्रक धावले. त्यातले बरेच पेट्रोलवर चालणारे होते. भारतात १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक आले आणि पुढे पेट्रोल ट्रक मागे पडले, म्हणून आपल्याला पेट्रोलचा ट्रक जरा नवलाचा वाटतो.

पण थंड कार्ब्युरेटर आपल्याला नवा नाही. सकाळी बजाजची स्कूटर एका बाजूला तिरकी करून मग किक मारणारे वडील किंवा काका तुम्ही पाहिले असतीलच. गाडी तिरकी केली की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल हलतं आणि पहिल्या किकला थोडं जास्त पेट्रोल आत जातं. ट्रक तिरका करता येत नाही, म्हणून त्याला चोक दिला. काम तेच.

ते जास्त पेट्रोल का लागतं? पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. इंजिन गरम असताना साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, वजनानं, पुरतं. थंडीत त्यातल्या थोड्याच पेट्रोलची वाफ होते. बाकीचं पाइपच्या भिंतींना चिकटून बसतं. म्हणून जळण्याइतकी वाफ मिळावी यासाठी कितीतरी जास्त पेट्रोल ओतावं लागतं. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखनं आणि हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी बारीक नळीतून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर बनवला. फवारा आला तरी थंडी गेली नाही. हवेची वाट झडपेनं अडवून पेट्रोल जास्त खेचायचं, ही युक्ती त्यातूनच आली. तोच चोक.

माझं काम संगणकप्रणालींचं. बिघाड झाला की आम्ही आधी नोंदी उघडतो आणि मगच हात लावतो. जुन्या ट्रकला नोंदी नसतात. त्यामुळे लोक अंदाजानं बॅटरी बदलतात, मग प्लग, मग कार्ब्युरेटर. पैसे जातात आणि ट्रक तिथेच उभा राहतो. ट्रकचा प्रत्येक भाग कोणत्या अडचणीवर उत्तर म्हणून आला, हे माहीत असेल तर अंदाज करावा लागत नाही. इंजिन फिरतंय का, ठिणगी पडतेय का, पेट्रोल येतंय का, चोक लागतोय का, या क्रमानं विचारायचं.

पहिला प्रश्न फिरण्याचा. पूर्वी समोरून हँडल मारावं लागे. इंजिननं उलटा झटका दिला की मनगट मोडे. चार्ल्स केटरिंगनं विजेवरचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. हात वाचला, पण सगळा भार बॅटरीवर आला. उणे १८ अंशांना बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल इंजिनला धरून ठेवतं. तुम्ही हेडलाइट लावून स्टार्टर दाबा. दिवे एकदम मंदावले आणि इंजिन रेंगाळत फिरलं, तर बॅटरी, तिची टोकं आणि अर्थिंगची पट्टी बघा. दिवे झगझगीत आहेत पण स्टार्टर गप्प आहे, तर दोष स्विच किंवा सोलेनॉइडकडे. इंजिनमध्ये एकाच ग्रेडचं जाड ऑइल असेल तर तेही कारण असू शकतं.

दुसरा प्रश्न ठिणगीचा. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची ठिणगीही केटरिंगचीच. ती १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. हिच्यात एक अडचण आहे. स्टार्टर बॅटरीतली वीज ओढून घेतो आणि नेमक्या त्याच क्षणी ठिणगीला ती हवी असते. म्हणून पुढे अनेक गाड्यांत कॉइलच्या वाटेवर एक रोधक बसवला आणि स्टार्टर फिरताना त्याला वळसा घालून पूर्ण वीज कॉइलला दिली. तुमचा ट्रक स्टार्टर फिरताना पेट घेतो आणि किल्ली सोडताच मरतो का? मग कार्ब्युरेटर उघडू नका, आधी तो रोधक तपासा. दमट सकाळी डिस्ट्रिब्युटरचं झाकण आतून कोरडं पुसून घेणंही पुष्कळदा पुरतं.

तिसरा प्रश्न पेट्रोलचा. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढा आणि ॲक्सिलरेटरचा दांडा हातानं हलवा. कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक धार दिसली, तर पेट्रोल पोहोचलंय. दिसली नाही, तर फ्लोटची वाटी बहुधा कोरडी आहे. ट्रक कित्येक दिवस उभा राहिला की वाटीतलं पेट्रोल उडून जातं. पंपाला हाताचा खटका असेल तर तो काही वेळा दाबून वाटी भरा, म्हणजे बॅटरी वाचेल. घशात बाटलीनं पेट्रोल ओतायची सवय मात्र सोडा. इंजिननं उलटा भडका दिला तर चेहरा समोरच असतो. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालवून बघू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चौथा प्रश्न चोकचा. केबिनमध्ये दांडी पूर्ण ओढली म्हणजे खाली झडप पूर्ण मिटली असं नाही. तार सैल झालेली असते. एकानं ओढावं, दुसऱ्यानं बघावं. यानंतर प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल तर ठिणगी नाही किंवा गाडी ओव्हर झाली आहे. ओव्हर झाली असेल तर चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर तळाला दाबून धरा, पंप मारू नका आणि स्टार्टर फिरवा.

एक गोष्ट नॉर्थ आयलंडच्या मंडळींसाठी. गाडी सहज उचलते, पाच मिनिटांनी मरते आणि थोडं थांबल्यावर पुन्हा चालू होते, तर तो कार्ब्युरेटरमध्ये जमणारा बर्फ असू शकतो. पेट्रोलची वाफ होताना घसा गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी तिथे गोठतं. बाहेर पाच-दहा अंश असतानाही हे होतं. थांबल्यावर इंजिनच्या उष्णतेनं बर्फ वितळतो आणि पुरावा नाहीसा होतो.

आणखी एक कारण १९९६ चं. त्या वर्षी न्यूझीलंडमध्ये शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं. माणसांसाठी ते उत्तमच झालं. पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्वच्या बैठकीला शिशाचा आधार होता. कष्टाच्या कामात ती बैठक झिजली की टॅपेटची फट कमी होते, व्हॉल्व नीट मिटत नाही आणि दाब गळतो. असा ट्रक गरम असताना चालतो, थंडीत हट्ट करतो. इथे चोक कितीही ओढला तरी उपयोग नाही. आधी टॅपेटची फट मोजा.

या देशानं थंडीतल्या पेट्रोल इंजिनाची सर्वांत मोठी परीक्षा दक्षिण ध्रुवावर दिली. ऑक्टोबर १९५७ मध्ये एडमंड हिलरी स्कॉट बेसवरून तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर आणि एक वीझल गाडी घेऊन निघाले. वीझल वाटेतच सोडून द्यावी लागली. ट्रॅक्टर मात्र ४ जानेवारी १९५८ ला ध्रुवावर पोहोचले. ही साधी शेतीची यंत्रं होती, फक्त चाकांवर पट्टे चढवलेली. ध्रुवावर ऐन उन्हाळ्यातही उणे २५ ते ३० अंश असतात. उंची २,८०० मीटरच्या वर, म्हणजे हवा विरळ आणि मिश्रणात पेट्रोल आपोआप जास्त. पाच जणांच्या त्या तुकडीत जिम बेट्स आणि मरे एलिस हे दोघे यंत्रांचे जाणकार होते. जवळपास गॅरेज नव्हतं, आणि एक एक भाग बदलून पाहण्याइतके सुटे भाग स्लेजवर नेता येत नाहीत.

आता हे सगळे प्रश्न गाडीच विचारते. १९६७ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली फोक्सवॅगनमध्ये आली आणि तापमान मोजून पेट्रोल ठरवण्याचं काम यंत्राकडे गेलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी जपानमधून वापरलेल्या गाड्या इथे मोठ्या संख्येनं येऊ लागल्या आणि चोकची दांडी हळूहळू दिसेनाशी झाली. तिच्याबरोबर ती ओढणाऱ्यांचं ज्ञानही जातंय. तुमच्या शेजारी एखादे सत्तरीतले शेतकरी असतील, तर एखाद्या थंड सकाळी त्यांचा ट्रक सुरू होताना जाऊन बघा. ते दांडी किती ओढतात, किती वेळ धरतात आणि केव्हा आत ढकलतात, ते विचारा आणि लिहून ठेवा. प्रत्येक ट्रकचं हे प्रमाण वेगळं असतं आणि ते कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही.