खोटे, दुर्गा

(१४ जानेवारी १९०५–२२ सप्टेंबर १९९१). मराठी व हिंदी बोलपटांतील अभिनेत्री, नाट्यकलावंत आणि लघुपटनिर्मात्या. माहेरचे नाव विटा लाड. जन्म मुंबईत, मूळच्या गोव्याच्या कुटुंबात. वडील पांडुरंगराव लाड हे सॉलिसिटर. शिक्षण कॅथीड्रल हायस्कूल व सेंट झेवियर्स महाविद्यालयात. विवाह विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. बकुळ व हरीन ही दोन मुले. सासरची आर्थिक घडी विस्कटल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या आणि त्याच ओढगस्तीत चित्रपटाकडे वळल्या.

मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटात त्यांनी प्रथम काम केले. विचारणा खरे तर त्यांच्या बहिणीकडे, शालिनीकडे झाली होती. तिने नकार देऊन दुर्गाबाईंचे नाव सुचवले. भूमिका काही मिनिटांची होती आणि उरलेल्या चित्रपटात काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती. चित्रपट लागल्यावर लाड व खोटे या दोन्ही घराण्यांना टीका सोसावी लागली.

याच चित्रपटामुळे प्रभात फिल्म कंपनीच्या व्ही. शांताराम यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. प्रभात तेव्हा कोल्हापुरात होती. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. दुर्गाबाई तारामती, तर गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र. हा मराठीतील पहिला बोलपट मानला जातो, मात्र त्याच सुमारास तयार झालेल्या ‘संत तुकाराम’ या दुसऱ्या एका बोलपटाच्या बाजूनेही तसा दावा केला जातो. पार्श्वगायनाची सोय अद्याप आलेली नव्हती. कॅमेरा चालू असतानाच नटाने गायचे, वादकांनी चौकटीबाहेर बसून साथ करायची आणि ध्वनिग्राहकाच्या टप्प्यातून आवाज सुटणार नाही अशा बेताने हालचाल करायची, अशी कामाची रीत होती. संगीत टेंबे यांचे होते आणि तारामतीची गाणी दुर्गाबाईंनी स्वतः गायिली. रंगभूमीचा पूर्वानुभव नसलेल्या या नटीने दोन भाषांत हे सारे पेलले, ही गोष्ट तिच्या रूपाच्या वर्णनांखाली फार झाकली गेली आहे. बोलपटाच्या पहिल्याच वर्षात नाटकी हेल टाळून बोलणारा असा स्वर लाभणे हे मराठी चित्रपटाचे भाग्य होय.

चित्रपटात येणारी पहिली प्रतिष्ठित घरातील स्त्री असे त्यांचे वर्णन वारंवार केले जाते. ते जपून वाचावे. दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी १९१३ मध्येच काम केले होते. खोटे यांच्या पदार्पणाने मुंबईतील सुशिक्षित, उच्चभ्रू वर्गाचा बोलपटाविषयीचा संकोच कमी झाला, इतके निश्चित म्हणता येते.

‘माया मच्छिंद्र’ (१९३२) मध्ये त्यांनी स्त्रीराज्याची राणी किलोतला साकारली. बाजूला चित्ता घेऊन बसलेली ही राणी छायाचित्रांतून सर्वपरिचित झाली. त्या काळी नटनट्या मासिक पगारावर एकाच कंपनीशी बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनी ते बंधन मानले नाही. कोलकात्यात देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली न्यू थिएटर्ससाठी ‘राजरानी मीरा’ (१९३३) आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी ‘सीता’ (१९३४) त्यांनी केले. ‘सीता’ व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला.

त्यांची सर्वांत महत्त्वाची भूमिका प्रभातच्या ‘अमरज्योती’ (१९३६) मधील सौदामिनी. पोटच्या मुलावरचा हक्क कायदा नाकारतो म्हणून ही स्त्री बंड करते, समुद्रावर जहाजे लुटते आणि राज्याच्या मंत्र्यावर, दुर्जयवर (चंद्रमोहन), सूड उगवते. ही भूमिका साहसपटातली म्हणून बाजूला काढण्याची समीक्षकांची सवय अन्यायकारक आहे. आईपणाच्या हक्कासाठी शस्त्र हाती घेणारी, करुणेची याचना न करणारी नायिका पुढे कित्येक वर्षे पडद्यावर दिसली नाही. स्वतः दुर्गाबाईंच्या वाट्यालाही तशी भूमिका पुन्हा आली नाही.

पुढील प्रमुख भूमिका : ‘पायाची दासी’ (१९४१; सासू), ‘भरत मिलाप’ (१९४२; कैकेयी), ‘पृथ्वीवल्लभ’ (१९४३; मृणालवती), ‘मुगल-ए-आझम’ (१९६०; जोधाबाई). यांतील कैकेयी व मृणालवती या कठोर स्त्रिया त्यांनी खलनायिकेच्या ठरीव साच्यात बसवल्या नाहीत. त्यानंतर आई व आजीच्या भूमिका. त्यांपैकी ‘बिदाई’साठी (१९७४) सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

रंगभूमीवर मुंबई मराठी साहित्य संघाच्या ‘भाऊबंदकी’त आनंदीबाई आणि ‘राजमुकुट’ या वि. वा. शिरवाडकरांच्या ‘मॅकबेथ’-रूपांतरात नानासाहेब फाटक यांच्यासह प्रमुख भूमिका. १९६१ च्या दिल्लीतील मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

निर्मिती : ‘साथी’ (१९३७) हा चित्रपट, नंतर स्वतःच्या संस्थेमार्फत लघुपट व जाहिरातपट.

पद्मश्री (१९६८), दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८३).

‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र. शांता गोखले यांनी ते इंग्रजीत आणले. पहिल्या चित्रपटाचा प्रसंग, कोल्हापूरचे दिवस व कौटुंबिक आपत्ती यांचा तपशील मुख्यतः त्यातूनच मिळतो. दूरदर्शनवरील ‘वागळे की दुनिया’ (१९८८) ही आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखेवरील मालिका त्यांच्या संस्थेची निर्मिती होती. अभिनेते नंदू खोटे हे त्यांचे दीर. विजू व शुभा खोटे ही त्यांची पुतणी मंडळी.