डोहाळे गायले गेले, उलट्या राहिल्या

गणरायापाठोपाठ घरोघरी महालक्ष्म्या येतात. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या पट्ट्यात त्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, आंबील असा स्वयंपाक होतो आणि फोडणीचा वास गल्लीभर पसरतो. अशा दिवशी घरातली एखादी सून नाकाला पदर लावून मागच्या दारी बसलेली असते. तिला विचारले तर म्हणते, "काही नाही, पित्त झालंय." जाणत्या बायका एकमेकींकडे बघून हसतात. तिसरा महिना लागेपर्यंत बातमी बाहेर फोडायची नाही, हा आपला रिवाज.

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही काही जणींनी या 'पित्ता'चा मागोवा घ्यायचे ठरवले. राजे, किल्ले, मठ आणि मुक्तिसंग्राम यांवर आपल्या भागात पुष्कळ लिहिले गेले आहे. घरातल्या या दुखण्यावर मात फारसे कोणी लिहिले नाही.

सुरुवात शब्दापासून करू. 'डोहाळे' हा शब्द संस्कृत 'दोहद'वरून आला. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गर्भाला हृदय येते, मग आईच्या देहात दोन हृदये होतात आणि दुसऱ्या हृदयाच्या इच्छा तिच्या तोंडून बोलल्या जातात, असे आयुर्वेदाने मानले. तिला 'दौहृदिनी' म्हटले गेले. याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे की गर्भिणीची इच्छा पुरवावी, न पुरवल्यास गर्भात दोष येतो. याच स्मृतीवर विज्ञानेश्वरांनी 'मिताक्षरा' ही टीका लिहिली, तीही आपल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (1076 ते 1126) याच्या काळात. पुढे देशाच्या बहुतेक भागांतल्या न्यायालयांनी वारसाहक्कासाठी प्रमाण मानलेला हा ग्रंथ आपल्या मातीतला आहे, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या वचनातली एक गोष्ट नजरेतून सुटू नये. बाईचे मन राखा असे तिथे सांगितले, ते गर्भासाठी. तिला स्वतःला काय होते, हा प्रश्न तिथे नाही.

धार्मिक वाङ्मयातही तेच. गाणगापूर आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातले. तिथल्या नृसिंह सरस्वतींचे चरित्र सांगणाऱ्या गुरुचरित्रात त्यांच्या मातेच्या डोहाळ्यांचे वर्णन येते. तिला ब्रह्मज्ञान बोलण्याचे डोहाळे लागले. कालिदासाच्या रघुवंशात राणी सुदक्षिणेला माती खावीशी वाटते. आपल्या डोहाळगीतांत आंबा, चिंच, झोपाळा आणि चांदणे असते. घोटभर पाणीही न टिकणारी बाई त्यात क्वचितच दिसते.

वैद्यांना मात्र ती दिसली होती. सुश्रुतसंहितेत उलटीची कारणे मोजताना 'दौहृदजा', म्हणजे गर्भारपणातली उलटी, वेगळी सांगितली आहे. जुन्या वैद्यकात यावर धने वाटून तांदळाच्या धुवणातून साखर घालून देत, साळीच्या लाह्यांचे पाणी देत. आमच्या भागातल्या वडीलधाऱ्या बायकांशी बोललो तर अजूनही हेच ऐकू येते. उठण्याआधी अंथरुणातच कोरड्या लाह्या किंवा कडक भाकरीचा तुकडा, आल्याचा रस, लिंबाचा वास, ज्वारीची पातळ पेज घोटघोट. शेजारच्या मुसलमान घरांतून पुदिन्याचे पाणी आणि अनारदाणा यायचा. आपल्याकडे डोहाळजेवण, कन्नड घरांत कुबुस, मुसलमान घरांत सतवासा. भाषा तीन, पण ओटी भरायची वेळ साधारण एकच.

इथेच आम्ही थांबलो. हे सोहळे बहुधा सातव्या महिन्याच्या सुमारास होतात. पहिलटकरणीला माहेरी नेतात तेही त्याच सुमारास. उलट्या मात्र साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होतात, नवव्याच्या आसपास जोर धरतात आणि बहुतेकींच्या चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरतात. म्हणजे बाई आडवी पडते तेव्हा ती सासरी असते आणि बातमी गुप्त असते. चूल, धुणे, पाणी काही चुकत नाही. पंचपक्वान्नांचे ताट समोर येते ते तिला जेवण जायला लागल्यावर. 1956 साली जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर-निलंगा मुंबई राज्यात गेले, भालकी-औराद म्हैसूर राज्यात, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात. कित्येकींचे माहेर आणि सासर दोन राज्यांत पडले. तरी सीमेपेक्षा रिवाजानेच माहेर जास्त लांब ठेवले, असे आम्हाला वाटते.

आता या दुखण्याची दुसरी बाजू. मळमळ बहुतेक गर्भवतींना होते. पण शंभरात एक ते तीन जणींच्या उलट्या थांबतच नाहीत. वजन घटते, लघवी कमी होते, अंगातले पाणी आणि क्षार संपतात. सलाईन नव्हते तेव्हा यात बायका दगावत. 'जेन एअर' लिहिणारी शार्लट ब्राँटी 1855 साली लग्नानंतर वर्षाच्या आतच वारली. मृत्यूच्या दाखल्यावर क्षय लिहिला गेला, पण ती गर्भवती होती आणि तिला सतत उलट्या होत होत्या, म्हणून हेच दुखणे तिला भोवले असावे असे अनेकांचे मत आहे. शिरेतून मिठाचे पाणी देण्याचा प्रयोग थॉमस लाटा या डॉक्टरने 1832 मध्ये स्कॉटलंडात पटकीच्या रोग्यांवर केला होता. तो उपाय नेहमीचा व्हायला पुढे कित्येक दशके गेली.

मग औषधांचे युग आले, आणि एक मोठा घातही झाला. 1957 मध्ये जर्मनीत 'थॅलिडोमाइड' विक्रीला आले. झोपेसाठी आणि गर्भारपणातल्या मळमळीसाठी ते अनेक देशांत दिले गेले. हातपाय अर्धवट वाढलेली हजारो बाळे जन्मली आणि 1961 च्या अखेरीस जर्मनीत ते मागे घेतले गेले. "गरोदरपणी गोळी नको" ही भीती तेव्हापासून जगभर बसली. ती अगदीच चुकीची नव्हती, पण तिचे ओझे पुढच्या बायकांनी उलट्या सोसून वाहिले. डॉक्झिलामाइन आणि ब-6 जीवनसत्त्व यांचे सुरक्षित मिश्रणही खटल्यांच्या भाराखाली 1983 मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले. तिथे ते पुन्हा मंजूर व्हायला 2013 उजाडले. आज आपल्याकडेही डॉक्टर पहिल्यांदा बहुधा हेच देतात.

आणि कारण? "नाटकं करते," "मनाचे खेळ आहेत," "मूल नकोय हिला" असे बायकांनी शतकभर ऐकले, आणि ते घरातल्यांइतकेच शिकलेल्या डॉक्टरांकडूनही. डिसेंबर 2023 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मार्लेना फेज्जो आणि सहकाऱ्यांचे संशोधन आले. गर्भाकडून आणि वारेतून 'जीडीएफ-15' नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात येते. ज्यांच्या अंगात ते आधी कमी असते त्यांना त्याची सवय नसते, म्हणून त्यांना त्रास जास्त होतो. फेज्जो यांनी स्वतः हे दुखणे भोगले होते आणि 1999 मध्ये त्यातच आपला गर्भ गमावला होता.

आमच्यातल्या एकीला दुसऱ्या महिन्यात पाणीही टिकत नव्हते. दवाखान्यात नेले तर "पहिलटकरीण आहे, होतंच असं" म्हणून परत पाठवले. चार दिवसांनी ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे सलाईन लागले. ती वाचली, बाळही वाचले. पण त्या चार दिवसांत "आमच्या वेळी आम्ही नाही का सोसलं" असे म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. हे इथे लिहायलाच हवे.

आज साधने जवळ आली आहेत. 1963 पासून कलबुर्गीत आणि 2007 पासून बिदरात वैद्यकीय महाविद्यालय आहे. गावात आशाताई आहे, हातात 'तायी' कार्ड आहे. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. तेव्हा लक्षात ठेवायचे ते एवढेच : दिवसभर पाणीही टिकले नाही, लघवी अगदी कमी किंवा गडद झाली, उभे राहताच अंधारी आली, उलटीत रक्त दिसले किंवा वजन उतरू लागले, तर धने-आल्यावर थांबू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि सलाईनबद्दल स्पष्ट विचारावे. एका दवाखान्याने परत पाठवले तर दुसऱ्यात जावे.

आणि घरासाठी एक विनंती. डोहाळजेवण सातव्यात खुशाल करा. पण दुसऱ्या महिन्यातच तिच्या हातची फोडणी काढून घ्या. यंदा महालक्ष्म्यांच्या दिवशी मागच्या दारी कोणी बसलेली दिसली, तर हसून आत जाऊ नका. वाटीभर लाह्या घेऊन तिच्याजवळ बसा.